ऑगस्टवरचं कुंकवाचं बोट

"सांगली, झोपलीस का गं?" हेडफोनमधून हुबळीनं विचारलं.

"जागी आहे."

"मग श्वास असा का येतोय, पांघरुणातून आल्यासारखा?"

हुबळीला मी कधी पाहिलं नव्हतं, आजतागायत पाहिलेलं नाही. तिचं नावही मला माहीत नव्हतं. आम्ही ट्रंक एक्स्चेंजमधल्या बायका एकमेकींना गावाच्या नावानं हाक मारायचो. पुणे तुटक बोलायची, सोलापूर कायम काहीतरी चघळत असायची आणि हुबळी कानडी हेल काढून माझ्या दुपारच्या पेंगेवर पहारा ठेवायची. १९८३ चा डिसेंबर होता. तेव्हा परगावी फोन करायचा म्हणजे आधी आमच्याकडे नोंदवावा लागे. आम्ही बोर्डाच्या एका भोकात एका गावाची कॉर्ड खोचायचो, दुसऱ्यात दुसऱ्या गावाची. बोलणं सुरू झालं की नाही एवढं कळ दाबून ऐकायचं आणि लगेच कळ सोडायची. मग दर तीन मिनिटांनी मध्ये शिरून विचारायचं, "तीन मिनिटं झाली, वाढवायचं का?" ऐकत बसायचं नाही, हा पहिला नियम. त्यासाठी नोकरी जाऊ शकत होती.

दुपारी दोन ते चार बोर्डही पेंगायचा. मागच्या गोदामातून हळदीचा वास यायचा, कानात तारांची बारीक गुणगुण चालू असायची आणि त्या गुणगुणीत मला मूल दिसायचं. माझं दुसरं मूल, जे अजून कुठंच नव्हतं. कधी ते बोर्डाखाली बसून कॉर्डची टोकं ओढायचं, कधी माझ्या स्टुलाला धरून उभं राहायचं. मुलगा की मुलगी ते दिसत नसे. पण नाव मी ठरवून ठेवलं होतं, दोघांनाही चालेल असं. ते कुणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. कामावर बसून असली स्वप्नं बघणारी बाई सरकारनं पगार देऊन ठेवली होती, याचं मला आता हसू येतं.

चार वर्षं मी त्या मुलाची वाट बघत होते, आणि वाट बघण्याचं कारण आम्ही बायका डबा खायला आणि टेकायला बसायचो त्या रिटायरिंग रूमच्या दारामागे टांगलेलं होतं.

तिथं एक कॅलेंडर असायचं, हळदीच्या एका अडत्याकडून दरवर्षी फुकट येणारं. आम्ही सहा बायका होतो. एक बाळंतपणाच्या रजेवर गेली तर उरलेल्या पाचजणी कशाबशा दिवसपाळ्या ओढायच्या. दोघी एकदम गेल्या की चौघींच्या वाट्याला रात्रपाळ्या यायच्या, आणि घरी लहान मुलं असलेल्या बायकांनी रात्रपाळ्या करायच्या म्हणजे घराघरात महाभारत. एकदा तसं झालं आणि सुमन जाधवच्या सासूनं तिचं नोकरीचं ओळखपत्रच लपवून ठेवलं. तेव्हापासून आमच्यातल्या सर्वांत जुन्या घोरपडेबाईंनी रीत पाडली. वर्षाच्या शेवटच्या दिवशी नवं कॅलेंडर लागायचं. जिचा नंबर असेल तिनं करंड्यात बोट बुडवून, आपली रजा ज्या महिन्यात सुरू होईल त्या महिन्यावर कुंकवाचं बोट उमटवायचं. वर्षाला एकच बोट. हे कुठं लिहिलेलं नव्हतं आणि साहेबांना माहीतही नव्हतं. कुणाची सासू, कुणाची एकच खोली, कुणाच्या नवऱ्याची बदली, यावर आमच्यात मुलं किती व्हायची ते ठरायचं. उरलेलं ते कॅलेंडर ठरवायचं.

एकोणीसशे चौऱ्याऐंशी साल माझं होतं. मी ऑगस्ट धरला होता.

घरी सासूबाई होत्या, नवरा होता आणि पाच वर्षांची वसुधा होती. श्रेणिक एका हायस्कुलात चित्रकला शिकवायचे. शांत माणूस, आईपुढं तर जास्तच शांत. वसू भातुकली मांडायची तेव्हा दोन ताटल्या घ्यायची. एक स्वतःची. दुसरीत चुरमुरे वाढून ती समोरच्या रिकाम्या पाटाला म्हणायची, "लाजू नको, जेव." हे बघितलं की मला कामाला जाववत नसे.

त्या दुपारी हुबळीशी बोलणं संपलं आणि मिरजेचा दिवा लागला. मिरजेहून तासगावला ट्रंक हवा होता, तिथल्या एका बँकेत. मी कॉर्ड खोचली, पलीकडून माणूस आला, आणि मी कळ सोडणार एवढ्यात बाईचा आवाज म्हणाला, "मिस्टर भोकरे, मी डॉक्टर बोलतेय."

रोहिणी भोकरे माझ्या डावीकडच्या स्टुलावर बसायची. त्या दिवशी तिची सुट्टी होती. लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि दोनदा तिचा गर्भ पडला होता. कॅलेंडरच्या रांगेत तिचं नाव नव्हतं. कुणी मुद्दाम वगळलं नव्हतं, तिनंच एके वर्षी हसत सांगितलं होतं, "माझा नंबर घालू नका बाई, उगीच एक वर्ष फुकट जायचं." आम्हीही हसलो होतो. पुढं कुणी तिला विचारलं नाही.

पहिलं वाक्य मी चुकून ऐकलं. बाकीची ऐकली.

"नऊ आठवडे झालेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "या वेळी ठीक दिसतंय. पण तिला आता बसवायचं नाही. मागच्या दोन वेळांसारखं व्हायला नको असेल तर पंधरवड्याच्या आत अंथरुणावर झोपवा, बाळंत होईपर्यंत. तिला सांगितलं तर नुसती मान हलवते, म्हणून तुम्हाला फोन केला."

"ती रजा मागणार नाही, डॉक्टर."

"का?"

"पुढचं वर्ष तिचं नाही."

"वर्ष तिचं नाही म्हणजे काय?"

"त्यांच्या बायकांचं आपसात ठरलेलं असतं. पुढचं वर्ष माणगावेबाईंचं आहे. रोहिणी म्हणते, पद्मजानं चार वर्षं वाट बघितलीय, मी कुठल्या तोंडानं मध्ये घुसू? पाचव्या महिन्यापर्यंत कामावर जाते म्हणते, मग बघू."

पलीकडं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पाचवा महिना उजाडायचा नाही, भोकरे."

माझ्यासमोरचं घड्याळ तीन मिनिटांवर आलं. मध्ये शिरणं माझं कामच होतं. "तीन मिनिटं झाली," मी म्हणाले, "वाढवायचं का?" आवाज माझा मलाच ओळखू आला नाही.

"नको," भोकरे म्हणाले. "झालं बोलून."

मी दोन्ही कॉर्ड ओढून काढल्या. हळदीचा वास तसाच येत होता.

माणगावे म्हणजे मी.

पुढचे बारा दिवस रोहिणी माझ्या शेजारी बसत होती. डबा खात नव्हती, ताक तेवढं प्यायची. उठताना स्टुलाची कड धरायची. मी बघत होते आणि बघत नव्हते. तिला म्हणावं, माझं वर्ष घे, तर ती विचारणार, तुला कुणी सांगितलं? मग मी चोरून ऐकलं हे सांगायला लागणार, आणि एक्स्चेंजमधली गोष्ट एक्स्चेंजमध्ये राहत नसते. नोकरी गेली असती. पण खरं सांगते, नोकरीची भीती मी स्वतःपुढं धरलेली ढाल होती. मला माझा ऑगस्ट द्यायचाच नव्हता. रोहिणी बिचारी होती, पण मी का देऊ? दोनदा पडलं, तिसऱ्यांदाही पडायचंच असेल तर माझं वर्ष कशाला वाया जावं? असं मी खरोखर मनात म्हणाले. एका सकाळी तर अंबाडा घालता घालता म्हणाले. मग आरशात स्वतःकडं बघवेना.

एकतीस डिसेंबरला जेवणाच्या सुट्टीत घोरपडेबाईंनी नवं कॅलेंडर लावलं. जुनं काढताना त्याच्यावरच्या सुमनच्या वाळलेल्या बोटाला त्यांनी नमस्कार केला. दोघी बोर्डवर होत्या, बाकी आम्ही चौघी दारामागे जमलो. रोहिणी बाकावर बसून होती.

"ये पद्मजा," घोरपडेबाईंनी करंडा पुढं केला. "ऑगस्ट ना? पानं मी उलटते, तू बोट बुडव."

मी बोट बुडवलं. ऑगस्टचं पान समोर आलं. त्याच्यावर हळकुंडांचं चित्र होतं आणि खाली बारीक अक्षरात सण. त्या पानावर मला ते मूल एकदा दिसलं, स्टुलाला धरून उभं असलेलं.

"नको," मी म्हणाले.

"काय नको?"

"मला दुसरं मूल नको. एक पुरे."

सुमन जाधव माझ्याकडं अशी बघत राहिली की जणू मी पगार परत देते म्हणाले.

"अगं, चार वर्षं थांबलीस ना तू?" घोरपडेबाई म्हणाल्या.

"थांबले तेव्हाच कळलं. एकीत भागतंय."

"घरी विचारलंस? सासूबाई?"

"बाळंत मी व्हायचं की सासूबाईंनी?"

हे वाक्य माझ्या तोंडून कसं आलं मला माहीत नाही. पण आलं ते इतकं ठसक्यात आलं की सगळ्यांचा विश्वास बसला. माझाही जरासा बसला.

"मग हे वर्ष?" घोरपडेबाईंनी विचारलं.

"मोकळं. हवं त्यानं घ्यावं." मी रोहिणीकडं बघितलं नाही. बोटावरचं कुंकू पुसायला जागा सापडेना, म्हणून मी ते माझ्याच कपाळाला लावलं.

बाक करकरला. रोहिणी उठून आली. तिनं करंड्यात बोट बुडवलं आणि हळूच पानं मागं उलटायला लागली. जुलै, जून, मे. ती थांबेचना. शेवटी जानेवारीवर आली आणि तिनं बोट टेकवलं. बोट जरा ओढलं गेलं आणि डाग लांबट उमटला.

"जानेवारी? अगं, जानेवारी उद्यापासून," सुमन म्हणाली, आणि मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. घोरपडेबाईंनी रोहिणीला खांद्याला धरून परत बाकावर बसवलं आणि कधी नव्हे ते त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याकडं कुणाचं लक्ष राहिलं नाही. तेच मला हवं होतं.

मला वाटलं होतं, एका वर्षाचा प्रश्न आहे. पुढच्या डिसेंबरला म्हणेन, मन बदललं. बायकांची मनं बदलतात, त्याला कुणी पुरावा मागत नाही.

पण ते वाक्य माझ्याआधी घरी पोचलं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला घोरपडेबाई आमच्याकडं आल्या आणि वाण घेता घेता सासूबाईंना म्हणाल्या, "तुमची सून धीराची हो. एकीवर थांबते म्हणाली, सगळ्यांसमोर."

सासूबाईंनी हसून तिळगूळ दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाकऱ्या थापत असताना बाहेरच्या खोलीत त्या श्रेणिकना म्हणाल्या, "तुझी बायको गावभर सांगत फिरतीय, एक पुरे म्हणून. तुला विचारलं का तिनं? का मास्तरला नुसतं चित्रं काढायला ठेवलंय घरात?"

मी हात थांबवला. आता ते म्हणतील, विचारतो तिला, आणि आत येतील, आणि मी परातीसमोर बसल्या बसल्या सगळं सांगून टाकेन. मला तेच हवं होतं.

"आई," श्रेणिक म्हणाले, "तिला एक पुरे असेल तर मलाही एक पुरे."

"पोरगी आहे ती एक."

"वसू आहे ती."

लग्नाला सात वर्षं झाली होती, आईपुढं त्यांनी उच्चारलेलं हे पहिलं उलट वाक्य. सासूबाई उठून जैन बस्तीत दर्शनाला गेल्या त्या दुपारपर्यंत आल्या नाहीत. श्रेणिक आत आले, माझ्याशेजारी टेकले आणि ताटातली भाकरी मोडत म्हणाले, "मला आधी सांगितलं असतंस तरी चाललं असतं, पद्मा. मी काही नाही म्हणालो नसतो."

असा माणूस माझ्या बाजूनं उभा राहिला याचं मला इतकं भरून आलं, की खरं सांगायचं त्या क्षणी राहून गेलं. म्हटलं, दिवाळीपर्यंत सांगू.

मार्चमध्ये शाळेच्या परीक्षा चालू होत्या. एका दुपारी मी घरी होते, आणि श्रेणिक रिक्षानं आले. रिक्षा करणारा माणूस नव्हे तो. दारातून आत येताना ते पाय जपून टाकत होते आणि हातात मोगऱ्याचा गजरा होता.

"काय झालं हो? पडलात का?"

"नाही गं. सरकारी दवाखान्यात गेलो होतो." ते भिंतीला धरून कॉटवर बसले. "आज करून आलो ते."

"काय ते?"

"ऑपरेशन. तुझ्या ऑफिसातल्या बायका करून घेतात ना, आठ आठ दिवस पडून असतात. डॉक्टर म्हणाले, पुरुषांचं सोपं असतं, अर्ध्या तासाचं. म्हटलं, तुला नको आहे तर तू कशाला चिरून घ्यायचं?" ते हसले. इंजेक्शनच्या नावानं घाम फुटणारा माणूस, कपाळ अजून ओलं होतं. "आता तुला कुणी काही म्हणणार नाही. आईसुद्धा नाही. विषयच संपला."

गजरा त्यांनी माझ्यापुढं धरला होता. मी घेतला. त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं, की असं समाधान मी त्यानंतर एकदाच पाहिलं, वसूच्या लग्नात.

"दुखतंय का?" मी विचारलं.

"थोडं."

"शिरा करते."

मोरीत नळ सोडून मी रडले. नळाचं पाणी जेवढा वेळ येत होतं तेवढा वेळ रडले, मग शिरा केला. रवा नीट भाजला होता, वेलदोडाही घातला होता. त्यांनी दोनदा मागून घेतला. ज्या माणसानं माझ्या एका वाक्यासाठी आईशी वैर घेतलं आणि अंगाला सुरी लावून घेतली, त्याला ते वाक्य खोटं होतं हे सांगायचं कसं? आणि सांगून आता व्हायचं काय?

रोहिणीला जुलैत मुलगा झाला. सात महिने ती पायाखाली उशा घेऊन पडून होती, आणि आम्ही पाचजणी आळीपाळीनं डबे पोचवत होतो. मी बाळाला बघायला गेले तेव्हा तिनं ते आपणहून माझ्या मांडीवर दिलं. बरंच वजनदार होतं. ऑगस्ट उजाडला तेव्हा मी बोर्डवर होते, आणि हुबळी म्हणाली, "सांगली, आज तुझा श्वास ऐकूच येत नाही."

पुढं लोक घरबसल्या आपला आपण परगावचा फोन लावायला लागले, बोर्ड निघाले, हुबळीचा आवाज बंद झाला. दारामागची कॅलेंडरं कुठं गेली कोण जाणे. सासूबाई गेल्या. वसू पुण्याला नोकरीला लागली, तिचं निनादशी लग्न झालं, तिला मुलगी झाली. आयुष्यभर मला लोक विचारत राहिले, एकच का? माझ्याआधी श्रेणिकच उत्तर द्यायचे, "हिचा निर्णय. मी नुसतं ऐकलं." आणि हे सांगताना त्यांची छाती फुगायची.

गेल्या महिन्यातली गोष्ट. वीस वर्षं हेडफोन लावून माझा उजवा कान गेलाय आणि डावाही फारसा कामाचा नाही, म्हणून मोबाइल मी टेबलावर ठेवून मोठ्या आवाजात बोलते. दुपारची वेळ होती. श्रेणिक बस्तीत गेले होते. वसूचा फोन आला.

"आई, एक विचारू? खरं सांग. तू एकावर थांबलीस, तुला कधीच वाटलं नाही का, दुसरं असावं म्हणून?"

"आज एकदम?"

"मी आणि निनाद ठरवतोय. तो म्हणतो घराचे हप्ते, मी म्हणते माझी नोकरी, त्याची आई म्हणते मी सांभाळीन पण दोनच वर्षं. आमचं काही जुळेना. मग तुझी आठवण झाली. तुझं कसं अगदी पक्कं होतं, बाबा नेहमी सांगतात. मला तसं पक्कं का वाटत नाही गं?"

ती इतकी केविलवाणी वाटली की मला दोन ताटल्या दिसल्या. "वसू," मी म्हणाले, "माझं काहीही पक्कं नव्हतं." आणि मग मी सगळं सांगितलं. मिरजेचा दिवा, कॅलेंडर, रोहिणी, शिरा. तीस वर्षांत पहिल्यांदा. मध्येच ती "आई" म्हणाली. "मला हवं होतं गं," मी म्हणाले. "इतकं हवं होतं की मी नावसुद्धा ठेवलं होतं. तू माझं पक्कं मत बघून काही ठरवू नकोस. तसं मत कधी नव्हतंच. तुला काय हवंय ते मोठ्यानं म्हण, आणि निनादच्या तोंडावर म्हण."

ती बराच वेळ रडली. मग म्हणाली, "बाबांना माहीत आहे?"

"नाही. आणि कळायला नको."

फोन ठेवला तेव्हा मागं स्वयंपाकघराच्या बाजूला कप वाजल्यासारखं वाटलं. मी वळून बघितलं. श्रेणिक दाराशी उभे होते, दोन्ही हातांत चहाचे कप. बस्तीतून कधी आले, चहा कधी ठेवला, मला ऐकूच आलं नव्हतं. चहावर साय धरली होती, म्हणजे ते बराच वेळ तिथं उभे होते.

आयुष्यभर दुसऱ्यांचं बोलणं ऐकलेली बाई मी. आज माझं कुणीतरी ऐकलं होतं.

ते आले, कप टेबलावर ठेवले, समोरच्या खुर्चीत बसले. सत्तरी ओलांडलेला माणूस. रागावतील असं वाटलं, रडतील असंही वाटलं. त्यांनी चष्मा काढून धोतराला पुसला आणि परत घातला.

"नाव काय ठेवलं होतंस?" त्यांनी विचारलं.

"किरण," मी म्हणाले.

ते खिडकीकडं बघत राहिले. मग मान जराशी वळवून, शेजारच्या खोलीतल्या कुणाला चहाला बोलवावं तशी त्यांनी हळूच हाक मारली, "किरण."

आम्ही दोघंही थोडा वेळ थांबलो, आणि मग चहा प्यायलो.